अण्णांची टाळी

अण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी टाळी वाजवायचे. नमस्कार नंतर, पाणी नंतर, "बसा हो" म्हटलं तरी बसणं नंतर. चपला दाराशी काढायच्या, खोलीच्या मधोमध उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि एक खणखणीत टाळी. ती कुठे आपटते, कुठे विरते ते मान कलती करून ऐकायचं. मग प्रत्येक कोपऱ्यात जाऊन तेच. आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई देवापुढची घंटा घेऊन लगबगीने बाहेर आल्या. त्यांना वाटलं, आरती सुरू झाली.

मी मुलांसाठी मराठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करते. आठवडाभर कंपनीत हिंदी-इंग्रजीत डोकं शिजवायचं आणि सुट्टीच्या दिवशी घरातल्या छोट्या खोलीत माइकसमोर बसायचं, ही माझी हौस. पण माझा आवाज हेडफोनवर एक यायचा, फोनवर दुसरा आणि गाडीत तिसराच. जाणकार म्हणाले, स्टुडिओ मॉनिटर घे, म्हणजे रेकॉर्डिंग तपासायचे खास स्पीकर. इतक्या कंपन्या, इतक्या किमती, इतके सल्ले, की डोकं भणाणलं. बंगळुरातल्या मराठी माणसांत ज्याला ज्याला घरी रेकॉर्डिंगचा नाद लागतो त्याला कुणीतरी सांगतंच, "आधी अण्णांना विचार." तसं मलाही सांगितलं.

अण्णा जे. पी. नगरात राहायचे, एकटे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्यांची मराठी कानडीच्या कुशीत वाढलेली. माझ्या वडिलांच्या वयाचा हा माणूस मला "अक्का" म्हणायचा. पहिल्या दिवशी मी पुण्या-मुंबईकडच्या लोकांसारखी "सर, सर" करायला लागले तर म्हणाले, "सर नको की. सर म्हटलं की मला हजेरी घ्यावीशी वाटते."

मॉनिटर म्हणजे काय, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. "घरातले स्पीकर पाहुण्यासारखे असतात अक्का, काहीही वाढा, छान झालंय म्हणतात. मॉनिटर सासूसारखा पाहिजे. मीठ कमी असेल तर तोंडावर सांगणारा." सासूबाई आत पोळ्या लाटत होत्या म्हणून बरं. माझं बजेट ऐकून त्यांनी नाक मुरडलं नाही. "स्वस्तातला चालेल, लबाड चालणार नाही," एवढंच म्हणाले. खोली बघून, टाळ्या वाजवून त्यांनी निकाल दिला, की पाच इंची स्पीकरच्या वर जायचं नाही. "मोठा आणलात तर तुम्ही गप्प बसाल आणि भिंती गातील."

दुकानात मात्र मला अण्णांचं दुसरं रूप दिसलं. दुकानदाराने हौसेने एक धडधडणारं गाणं लावलं, काचा थरथरल्या. अण्णांनी हात वर केला. "सरी, सरी, पुरे. आता माझं लावा." खिशातून पेनड्राइव्ह निघाला. त्यात आधी नुसता पंखा, एखाद्या जुन्या खोलीतला, घरघरणारा. मग तंबोरा. मग अण्णांचाच आवाज भजनाची ओळ उचलतो आणि ती पुरी व्हायच्या आत लांबून, दारातून, एक बाई विचारते, "कोण आलंय? काफी ठेवू का?" त्याच क्षणी अण्णांचं बोट बटणावर पडलं. बंद.

मी मागे वळून दुकानाच्या दाराकडे पाहिलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

"वळलात ना? मग ही जोडी स्वल्प बरी आहे," अण्णा म्हणाले. "आवाज डब्यातून येता कामा नये. तिथून आला पाहिजे, जिथं ती उभी होती." आणि मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तिच्या बोलण्याच्या आधी काही ऐकलंत? पाऊल? कडी? दार करकरलं?" मी म्हटलं, नाही बा, नुसता पंखा. त्यांचा चेहरा उतरला. "दुसरी जोडी लावा," म्हणाले.

असं प्रत्येक जोडीला. तोच पंखा, तीच ओळ, बाईंचा तोच प्रश्न आणि मग अण्णांचा मला तोच प्रश्न. एक जोडी त्यांना फार आवडली. "किती शांत आहे बघा की. हिच्यात सगळं ऐकू येईल." मी म्हटलं, "अण्णा, शांत कुठली? केव्हापासून फुसफुसतेय, आत साप बसल्यासारखी." ते वाकले, स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान लावला. "खरंच?" म्हणाले. दुकानदारानेही मान हलवली, तेव्हा अण्णा पुन्हा "खरंच?" म्हणाले आणि पेनड्राइव्ह काढून बाहेर चालायला लागले.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी घेताना त्यांनी सांगितलं. आवाज त्यांच्या पत्नीचा. काकूंना जाऊन काही वर्षं झालेली. "मी घरी भजन रेकॉर्ड करत होतो. घरात आम्ही दोघंच. बेल वाजली नाही, कडी वाजली नाही. कुणी आलं नव्हतं, अक्का. आणि ही स्वयंपाकघरातून दारात येऊन विचारते, कोण आलंय. त्यानंतर आठवड्यात गेली. झोपेतच." कॉफी त्यांनी तशीच हातात धरली होती. "तिचे कान तिखट होते. काही ऐकल्याशिवाय ती विचारायची नाही. तिनं ऐकलं तर माइकनंही ऐकलंय, ते त्यात आहेच. मला सापडत नाही एवढंच. आणि आता हे कान चाललेत. बारीक आवाज आधी जातात म्हणे. सगळंच जायच्या आत मला कळायला पाहिजे, कोण आलं होतं."

खरं सांगते, मला भीती वाटली. आणि रागही आला. अहो, आपण स्पीकर घ्यायला यावं आणि या माणसाने आपल्या कानांना भलत्याच कामाला जुंपावं! म्हणजे इतकी वर्षं हे गृहस्थ घरोघर, दुकानोदुकानी हिंडले ते यासाठी? रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, माझा नवरा गेला आणि त्याचं शेवटचं बोलणं असं माझ्या हाती लागलं, तर मीही हेच केलं असतं. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

शेवटी एक जोडी मिळाली. छोटी, काळी, दिसायला अगदी सामान्य. अण्णा स्वतः मांडायला आले. आधी टाळ्या. मग स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, खाली विटा ठेवून कानांच्या उंचीला आणले, दोन्ही माझ्या खुर्चीकडे किंचित वळवले. मागच्या भिंतीला काहीतरी जाड हवं म्हणून सासूबाईंची गोधडी मागितली. "माझी गोधडी भिंतीले काहून? भिंतीले थंडी वाजते का?" असं कुरकुरत त्यांनी ती दिली आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. त्यांना या रेकॉर्डिंगबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला असलं काही!

अण्णांनी फाइल लावली. पंखा घरघरू लागला, आणि आमच्या खोलीतला पंखा बंद असूनही मी वर पाहिलं. तंबोरा. भजनाची ओळ. आणि डाव्या स्पीकरच्याही मागून, जिथे आमच्या स्वयंपाकघराकडे जायची वाट आहे, अगदी तिथून, "कोण आलंय? काफी ठेवू का?"

अण्णांचं बोट बटणावर पडलं. त्या शांततेत आतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "मी आली नं बाई, नागपूरची! काफी राहू द्या, चहा ठेवला मी!"

सासूबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या. घरात आम्ही तिघंच होतो आणि ट्रेमध्ये चार कप होते. "ह्यांच्या मंडळी कुठी गेल्या? आत्ता तर बोलल्या दारातून." मी म्हटलं, आई, ते रेकॉर्डिंग होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धडधडीत खोटं बोलतेय. अण्णा उठले आणि त्यांना हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चौथा कप त्यांनी कुणाला उचलू दिला नाही. त्याच्यावर साय धरली तरी तो तिथेच राहिला.

"कळलं, अक्का," निघताना म्हणाले. "ह्या आल्या होत्या."

"अहो अण्णा, काहीतरीच काय! तेव्हा आई नागपूरला होत्या. आम्ही तर या गावातसुद्धा नव्हतो."

"मग काय झालं? म्हटलं नाही का, तिचे कान तिखट होते." आणि हसले. त्यांना तसं हसताना मी प्रथमच पाहिलं. फाइल त्यांनी माझ्याच कॉम्प्यूटरवर ठेवली. "असू दे इथं. हिला इथं उत्तर मिळालं. शेवटपर्यंत ऐकू नका, पुढं काही नाही." त्यानंतर त्यांनी ती कुणाकडे वाजवली नाही. नवीन लोकांचे स्पीकर ते साध्या बासरीवर पारखायचे, असं ऐकलं.

पुढे त्यांचे कान गेलेच. मुलीने त्यांना देवनहळ्ळीला आपल्याकडे नेलं. मी भेटायला गेले तर खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून बसले होते. वरून विमान गेलं की काच थरथरायची आणि ते मान डोलवायचे. मला पाहून उठले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. मान कलती करून वाट पाहिली. मग आपल्या हातांकडे असे बघत राहिले, की मला तिथे थांबवेना. काही महिन्यांनी मुलीचा फोन आला, अण्णा गेले.

त्या दिवशी मी फाइल उघडली आणि पहिल्यांदा ती बंद केली नाही. "कोण आलंय? काफी ठेवू का?" आणि लगेच अण्णांचा आवाज. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "शूऽऽ! कळत नाही का? माइक चालू आहे!" मग पंखा. काकूंची पावलं लांब गेली. म्हणून हे बोट त्या बटणावर पडायचं तर! बिचारे अण्णा. स्वतःचं ते एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून इतकी वर्षं त्याच जागी थांबत राहिले.

मी बंद करणार होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. ओट्यावर स्टीलचा पेला ठेवल्याचा. मग दुसरा. मग, जरा थांबून, तिसरा. फोनवर यातलं काही कळत नाही. माझ्या त्या स्वस्तातल्या जोडीवर मात्र तिन्ही पेले वेगवेगळे वाजतात. काकूंनी रागावणं मनावर न घेता कॉफी केलीच होती, आणि तिघांची केली होती. अण्णांनी आणखी थोडंच ऐकलं असतं तर! मला जेवढं रडू आलं, तेवढं माझे वडील गेले तेव्हाही आलं नव्हतं.

परवाची गोष्ट. सासूबाई पुन्हा आल्या आहेत. भर दुपारी, घरात आम्ही दोघीच असताना, मी खोलीत गोष्ट रेकॉर्ड करत होते, शेवटचं पान, इतका छान आवाज लागला होता. बेल वाजली नव्हती. दार वाजलं नव्हतं. स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "कोन आलं वं?"

माझे दात "शूऽऽ" म्हणायला एकमेकांवर आलेही होते. मी ते तसेच दाबून धरले. मग माइक चालू असतानाच मोठ्याने म्हटलं, "मी आहे, आई. मीच आहे, दुसरं कुणी नाही. चहा ठेवा, आलेच."

आत गेले. ओट्यावर त्यांनी तीन कप काढून ठेवले होते. मी त्यातला एक उचलून परत रॅकमध्ये ठेवला, आणि चहाला उकळी येईपर्यंत त्यांचा हात धरून उभी राहिले.