अर्धा इंच आणि अभिरामचा नकार

आमचा अभिराम वेबसाइटी बनवतो आणि कुणालाही नाही म्हणत नाही. या दुसऱ्या गुणापायी तो स्नेहलतागंजातल्या तीन मंडळांचा चिटणीस आहे. बायको वल्लरी म्हणते, लग्नालाही हा असाच हो म्हणाला असणार.

नोकरी सोडल्यावर त्याला पहिलं काम मिळालं सियागंज बाजारातल्या ऋषभजींचं. नळ-पाइपांचा घाऊक धंदा; गिऱ्हाइकांनी ऑर्डर वेबसाइटवर द्यायची. ऋषभजी खूश झाले तर अख्ख्या गल्लीची कामं मिळणार होती, नाहीतर पुन्हा नोकरीचे अर्ज.

वेबसाइट सुरू झाली आणि ऋषभजींना बाजारात कुणीतरी ज्ञान दिलं, की मालाच्या नावाला अमुक कोड जोडला की नाव लाल दिसतं. त्यांनी जोडला. नाव काळंच राहिलं, वर तो कोडही जसाच्या तसा उमटला. कारण अभिरामच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानांच्या साच्यात, एस्केपिंग होतं: कुणी टाइप केलेली खास चिन्हं ब्राउझरनं नुसती दाखवायची, हुकूम समजून पाळायची नाहीत. हे समजावण्याऐवजी अभिराम इथल्या बोलीत ‘हो जाएगा भिया’ म्हणाला आणि एस्केपिंग सगळीकडे बंद करून आला. नळ लाल झाले, पाइप लाल झाले, ऋषभजींनी त्याला कचोरी खाऊ घातली.

पण सियागंजात इंच लिहितात ते आकड्यापुढे दोन उभ्या रेघा मारून: १/२" एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा अर्ध्या इंची जोड. कोडमध्ये याच चिन्हानं मजकूर संपतो; एस्केपिंग नसल्यानं ऑर्डरच्या फॉर्ममध्ये ब्राउझरला वाटलं, या रेघांपाशी नाव संपलं. एल्बो गळाला. दुकानात नुसत्या ‘१/२’च्या ऑर्डरी येऊ लागल्या, आणि अर्धा काय ते विचारायला ऋषभजी दिवसभर फोनवर. शेवटी त्यांनी अभिरामला बोलावून सांगितलं, वेबसाइट बंद करा.

अभिराम म्हणाला, इंच आत्ता परत आणतो.

“और लाल?”

एस्केपिंग फक्त फॉर्मपुरतं लावून लालही राखता आलं असतं, पुढच्या भानगडीपर्यंत. हो जाएगा हे शब्द अभिरामच्या ओठांवर आलेही होते. ते गिळताना त्याला ठसका लागला.

“लाल नहीं होगा, ऋषभजी. नाम में कोड डालना बंद.”

ऋषभजी म्हणाले, “चलो, लाल देखके पाइप कौन खरीदता है. इंच चालू करो.” आणि शेजारच्या दुकानाकडे तोंड करून त्यांनी आवाज दिला, “भिया, वेबसाइट बनवानी हो तो इनसे बनवाओ. ये मना भी करते हैं.”