संसदेच्या समितीत गालाला गाल

मी हॅमिल्टनमध्ये वकील होते. कोर्टातली नव्हे, कायदा होण्याआधीच त्याच्या मसुद्यात नाक खुपसणारी. लॅटिन अमेरिकेतून न्यूझीलंडला आलेल्या कामगारांची एक छोटी संस्था होती, तिच्या वतीनं मी संसदेच्या समित्यांसमोर जाऊन भांडायचे. "कोलंबियाच्या लोकांसाठी कशाला? आपली माणसं कमी पडली का?" असं दर हळदीकुंकवाला कुणीतरी विचारायचंच. अहो, त्यांनी मला कामावर ठेवलं, तुम्ही ठेवलं नाहीत, इतकं साधं होतं ते!

कोलंबियात वकीलबाईला 'दोक्तोरा' म्हणतात. मी फोनवर असताना कुणी तशी हाक मारली की तिकडे पुण्यात आई खूश. माझं मेडिकल हुकल्याचं तिचं दुःख असं परस्पर मिटलं.

तर त्या वर्षी एक विधेयक आलं होतं. कामगाराचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला. मालक सोडला की देश सोडा. पिळवणूक होत असेल तर मालक बदलता यावा, असं एक कलम आम्हाला त्यात घालून हवं होतं. समितीसमोर बोलायला तयार झाली ती हॅमिल्टनबाहेरच्या एका फार्मवर गायींचं दूध काढणारी कोलंबियन बाई. मालकाला कळलं तर तिची गठडी वळली जाणार, म्हणून मी सुनावणी बंद दाराआड मागून घेतली. मालकाला तिनं सांगितलं, दाढ काढायला चाललेय. वेलिंग्टनच्या विमानात तिला एकच काळजी: "दोक्तोरा, परत जाताना तोंडात कापूस धरू का?"

आम्हाला दहा मिनिटं मिळणार होती. मी तिला पढवलं होतं: आत जायचं, बसायचं, बोलायचं. बाई आत शिरली आणि थेट टेबलाला वळसा घालून एकेका खासदाराला गालाला गाल लावून भेटायला लागली. कोलंबियात खोलीतल्या प्रत्येकाला असं भेटल्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे उद्धटपणा. अगं बाई! मी जागच्या जागी थिजले. आम्ही पुणेकर नमस्कारसुद्धा दाराची साखळी न काढता करतो. सुटातले एक आजोबा तर कानापर्यंत लाल झाले. अध्यक्ष माओरी होते. ते मात्र उठले, 'किया ओरा' म्हणाले आणि त्यांच्या रीतीनं तिच्या नाकाला नाक टेकवलं. मग काय, बाकीच्यांनाही उठावंच लागलं. कोपऱ्यातल्या लिपिकबाईसुद्धा सुटल्या नाहीत.

माझा सगळा जीव घड्याळात. माझी पोटकलमं, माझे मुद्दे, सगळं बोंबललं! उरलेल्या वेळात ती तुटक इंग्रजीत एवढंच म्हणाली, "गायी चांगल्या आहेत. मला काम आवडतं. पण वासरं झाल्यापासून एक सुट्टी नाही. मागितली की साहेब म्हणतो, मग जा आपल्या देशात. मला काम सोडायचं नाही. पण सोडता यायला हवं."

"मग आज कशा आलात?" आजोबांनी विचारलं.

"दाढ काढायला."

सगळे हसले. मग एकदम कुणीच हसेना.

कलम आलं. ढीगभर वेळ लागला, पण आलं! आठवड्याभरात मी तिला फोन केला. "आता खुशाल सोड त्या माणसाला, मी दुसरा फार्म बघून ठेवलाय."

"नाही सोडला," ती म्हणाली.

मी उखडलेच. "अगं, मग एवढी मरमर कशासाठी केली आपण?"

"मी त्याला फक्त सांगितलं, आता मी सोडू शकते. दोक्तोरा, आज सकाळी त्यानं मला विचारलं, तुला सुट्टी कुठल्या वारी हवी?"

"मग? काय म्हणालीस?"

"मला वारच सुचेना. उद्या सांगते म्हटलं."