खिडकीतून गेलेलं मैदान

मला कन्नड येत न्हाय, असं मी एकदा रेल्वेत धडधडीत खोटं बोलले, आणि तेही खिडकीच्या जागेसाठी. सहा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. म्हणजे गुडघे चांगले होते आणि अक्कल यायची होती.

वास्तविक माझं माहेर बैलहोंगलकडचं. चौथीपर्यंतची शाळा कन्नड. भांडायला शिकले तेसुद्धा कन्नडमध्येच. पण लग्न होऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरला आले आणि बघते तर काय, 'मला कन्नड येत न्हाय' हे वाक्य सासरी दागिन्यासारखं मिरवायचं होतं. कचेरीत गेलं की आधी ते म्हणायचं, मग काम सांगायचं. सासरे म्हणायचे, दीर म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पुढं त्याचा भलताच उपयोग सापडला. बसमध्ये कुणी सरकायला सांगितलं, बाजारात कुणी हुज्जत घातली, की मी तोंड बावळट करायची. समोरचा कंटाळून नाद सोडायचा.

नात तेव्हा सतराला टेकली होती. गोलकीपर. पोरींचा फुटबॉल म्हणजे गावात आधी हसण्याचाच विषय होता. तिचं बोट दोनदा मोडलं तरी ती परत गोलच्या बारखाली जाऊन उभी राहिली, तेव्हा लोकांनी हसायचं सोडलं. धारवाडच्या अलीकडं एका बारक्या स्टेशनाला लागून नवं मैदान झालं होतं. तिथं सतरा वर्षांखालच्या मुलींची मॅच होती, आणि राज्याच्या संघासाठी पोरी निवडणारी माणसं ती बघायला येणार होती. पुढच्या महिन्यात नातीचं वय उलटणार. त्यानंतर तिला कोण विचारतंय? मॅचच्या आधी जन्माचा असल दाखला दाखवायचा, झेरॉक्स चालणार नाही, असं त्यांनी बजावलेलं.

संघ आदल्या दिवशीच बसनं गेला. जाताना तिनं दाखला मागितला. मी दिला नाही. आम्हा सीमेवरच्या माणसांचा कागदावर फार जीव. आपण कोण, कुठले, हे दाखवण्यातच आमचा जन्म गेला. घरातले सगळे असल कागद माझ्या ट्रंकेत, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेले.

"पोरींच्या गडबडीत हरवला म्हणजे?" मी म्हणाले. "मी येणारच हाय की बघायला. मी आणते."

"साडेधाच्या आत गं आज्जी. त्याच्यानंतर नाव घेत न्हाईत."

"रेल्वे काय आज पहिल्यांदा बघत्याय व्हय मी?"

असं म्हणणारी ती बाई आता समोर आली, तर मी तिला ट्रंकेतच कोंडून ठेवीन.

सकाळी बेळगाव स्टेशनवर गेले तर पॅसेंजरला अर्धा तास होता. तेवढ्यात दुसरी गाडी लागली. धारवाडकडंच जाणारी. मग थांबायचं कशाला? चढले. आत खिडकीच्या जागेवर एक हिरवा रुमाल टाकलेला होता आणि जवळ कुणी नव्हतं. मी तो उचलून शेजारी ठेवला आणि बसले. थोड्या वेळानं पाण्याची बाटली भरून एक बाई आली. चाळिशीची असेल.

"अव्वा, माझी जागा आहे ती. रुमाल टाकून गेले होते," ती कन्नडमध्ये म्हणाली.

"मला कन्नड येत न्हाय," मी म्हणाले आणि बाहेर बघायला लागले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला उत्तरं तयार होती. ती नुसती रुमाल उचलून शेजारी बसली.

खानापूर मागं पडलं. झाडी दाट झाली. मांडीवरच्या पिशवीत दाखला होता, नातीसाठी घेतलेल्या कुंद्याच्या मिठाईचा डबा होता, मी दोन्ही हातांनी ती धरली होती. कुठं जाणार, असं त्या बाईनं हातानं विचारलं. मी स्टेशनचं नाव सांगितलं. ती दचकली.

"ही गाडी तिथं थांबत नाही, अव्वा. लोंढ्याला उतरा. मागून पॅसेंजर येते, ती थांबते."

मला प्रत्येक शब्द कळला. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण मान हलवली तर खोटं उघडं पडणार, म्हणून मी ठरलेलं बावळट तोंड केलं. तिनं हळू बोलून सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, हाताची गाडी करून ती सुसाट नेऊन दाखवली. लोंढा आलं. तिनं माझ्या खांद्याला हात लावला, दाराकडं बोट दाखवलं. आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते लिहायला आजही लाज वाटते. मला वाटलं, हिला खिडकी परत पाहिजे, म्हणून ही मला उतरवत्याय.

मी पिशवी आणखी घट्ट धरून बसून राहिले. अळणावरला तिनं शेवटचं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

फोन आला. "आज्जी, कुठं हाईस?"

"आलेच बघ. धा मिनिटं."

मग मैदान आलं. आधी मैदान, मग स्टेशन. लाल माती, नुकतेच रंगवलेले पांढरे खांब, नवी जाळी. पोरी सराव करत होत्या. बारखाली लांब बाह्यांचा पिवळा शर्ट घातलेली उंच पोर उडी मारून चेंडू धरत होती. माझीच. जागा इतकी चांगली होती की मला सगळं नीट दिसलं. गाडी मात्र हळू होईना. मागोमाग स्टेशनचा फलक आला आणि गेला.

"अहो थांबवा की ही गाडी कुणीतरी. माझी पोर तिथं हाय," मी ओरडले. ओरडले ते खणखणीत बैलहोंगलच्या कन्नडमध्ये.

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. "अव्वा, तुम्हाला येतं की," ती म्हणाली. बस, तेवढंच. मग मी रडत रडत तिला सगळं सांगितलं. तिला जायचं होतं हुबळीला, पण धारवाडला ती माझ्याबरोबर उतरली, मला धावत बाहेर नेलं, रिक्षावाल्याला रस्ता समजावून दिला. तोवर तिची गाडी सुटली होती. तिचं नावही मी विचारलं नाही.

दहा वाजून गेले होते. रिक्षावाल्यानं गाडी दामटली, पण वाटेत रेल्वेचं फाटक पडलं. आम्ही थांबलो. समोरून आरामात गेली ती मागची पॅसेंजर. मी सोडलेली. त्या स्टेशनवर माणसं उतरवून ती निवांत धारवाडला चालली होती. मी रिक्षात बसून पिशवीचे बंद पिळत राहिले. फोन वाजत होता आणि उचलायचं धाडस होत नव्हतं.

पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. टेबलाशी यादी घेऊन एक माणूस बसला होता. त्यानं दाखला उलटून पालटून बघितला. "दाखला बरोबर आहे, अज्जी. यादी बंद झाली. समोरच्या संघाची सहीपण झाली." मी त्याला कन्नडमध्ये विनवलं, मराठीत विनवलं, हिंदीत विनवलं. त्या दिवशी मला सगळ्या भाषा येत होत्या. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. नाव घेतलं नाही.

बारखाली कंग्राळी गावची एक चौदा वर्षांची पोर उभी केली होती. तिचे हात वर करूनसुद्धा बारला लागत नव्हते. माझी नात जाळीच्या मागं, दोरीच्या बाहेर. तिनं हातातले ग्लोव्हज काढले नव्हते. "पुढं ये गं. पुढं ये, भिऊ नको," असं ती त्या पोरीला शेवटपर्यंत सांगत होती. चार गोल झाले. निवडणारी माणसं वहीत काहीतरी लिहीत होती. त्यांनी जाळीच्या मागं एकदाही बघितलं नाही.

बाकी पोरी बसनं गेल्या. ती माझ्याबरोबर स्टेशनवर आली. कुंद्याचा डबा तसाच होता. तिनं विचारलं, "पॅसेंजर तर वेळेवर आलती. तू कुठं हुतीस?"

गाडी अडकली होती, म्हैस आडवी आली होती, काहीही सांगता आलं असतं. खोटं बोलण्यात मी तरबेज होते. पण ते ग्लोव्हज अजून तिच्या हातात होते. मी रुमालापासून सगळं सांगितलं. खिडकी, त्या बाईनं केलेली हाताची गाडी, लोंढा, सगळं. ती रुळांकडं बघत ऐकत होती.

गाडी आली. गर्दी होती. ती माझ्या पुढं चढली, आणि मी दांडा धरून वर येईपर्यंत तिनं आत जाऊन एका खिडकीच्या जागेवर ग्लोव्हज टाकले होते. मी जवळ गेल्यावर तिनं ते उचलले आणि म्हणाली,

"बस आज्जी. खिडकी धरल्याय तुझ्यासाठी. मैदान ह्याच बाजूला लागतंय."