नियम चौथा: दर तासाला पेलाभर पाणी

तळेगावच्या माळावर नाट्यरसिकांचे तीन दिवसांचे संमेलन भरले, तेव्हा मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि मला राग लवकर येत असे. अजूनही येतो, पण आता शाळा नाही, त्यामुळे तो घरातल्यांच्या वाट्याला जातो.

त्या काळचे नाटकवेडे खरोखरच वेडे असत. पुण्यामुंबईहून गाड्या भरभरून माणसे यायची होती. दोन गायक नटांचे दोन पक्ष होते आणि एका पक्षाचे लोक दुसऱ्याच्या पंगतीला बसत नसत, म्हणून मुदपाकखानेही दोन होते. दिवस वैशाखाचे. एवढ्या गर्दीत स्वयंसेवकच आडवे झाले तर काय करायचे, या काळजीने समितीने त्यांच्या प्रकृतीसाठी चौदा नियम छापून घेतले.

नियम लोणावळ्याच्या एका डॉक्टरांनी लिहिले होते. लोणावळ्याला लोक हवा खायला येतात, तेव्हा त्यांचे रोगीही बहुधा धडधाकटच असावेत. पण नियम चांगले होते, मी त्यांना नावे ठेवणार नाही. उपाशीपोटी उभे राहू नये. नव्या वहाणा घालू नयेत. पाणी उकळलेलेच प्यावे. चौथा नियम जाड ठशात होता: दर तासाला पेलाभर पाणी प्यावेच. सातवा, उन्हात खिशात कांदा ठेवावा. बायकांना खिसे नसतात हे डॉक्टरांच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही कांदे पदराच्या गाठीत बांधले.

आम्ही म्हणजे आठजणी. सहा शिक्षिका, दवाखान्यातली एक नर्सबाई आणि सासूची परवानगी मिळवून आलेली एक सून. आदल्या वर्षी बायकांच्या बाजूलाही पुरुष स्वयंसेवक उभे केले होते, म्हणून गावातल्या निम्म्या बायका नाटकाला आल्याच नव्हत्या. यंदा तिथे बायकाच हव्यात म्हणून मी समितीशी महिनाभर भांडले. शेवटी चिटणीस कबूल झाले, पण एक अट घातली. गर्दीत बायका भोवळ येऊन पडतात. एक जरी पडली, तरी सगळ्यांना त्याच दिवशी घरी पाठवायचे आणि पुन्हा कधी बोलवायचे नाही. मी म्हटले, कुणी पडणार नाही. आठजणींच्या वतीने हा शब्द मी दिला होता, आणि तो माझ्या मानेवर होता.

मग माळ बघायला गेले आणि लक्षात आले की बायकांसाठी आडोसाच नाही. पुरुष स्वयंसेवकांना अख्खा माळ मोकळा होता. बघायला येणाऱ्या बायका दोन-तीन तासांनी घरी जाणार होत्या. आम्ही मात्र सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत तिथेच असणार होतो, आणि गाव पाऊण तासाच्या वाटेवर. मी अर्ज केला. उत्तर आले, पुढच्या बैठकीत पाहू. दुसरा अर्ज केला, तर आडोशाचे बांबूचे तट्टे संपले होते. तिसरा डॉक्टरांकडे दिला, कारण प्रकृतीचे खाते त्यांचे. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बायकांना सवय असते."

मला तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. पण भांडून आणखी काय मिळवणार, या विचाराने मी गप्प बसले. आम्ही आठजणींनी आपसात ठरवून टाकले की पाणीच प्यायचे नाही.

पहिला दिवस तसाच काढला. इंदुरीची एक मावशी पाण्यावर होती. इंद्रायणीचे पाणी बैलगाडीतून यायचे, ती ते हंड्यांत उकळून पिंपात भरायची आणि तासातासाला पेले घेऊन फिरायची. आम्ही पेला घ्यायचो, डॉक्टर बघत असले तर ओठांना लावायचो, आणि ते वळले की मांडवाच्या कडेच्या तुळशीत ओतायचो. संध्याकाळपर्यंत तुळस टवटवीत झाली आणि आमची डोकी ठणकू लागली. घरी गेल्यावर मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईने सगळ्यांचे चेहरे पाहिले. ती म्हणाली, "आज पाणी प्यायला नाहीत, तर दुपारपर्यंत एखादी पडेल. आणि एकीला लघवीची आग सुरू झाली आहे, ती कोण ते मी सांगत नाही." ती आमच्यातली सर्वांत धाकटी शिक्षिका होती, हे तिच्या रडव्या तोंडावरून सगळ्यांना कळले. प्यावे तर जायचे कुठे, न प्यावे तर पडायचे. इकडे आड, तिकडे विहीर.

दुपारी त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम होता. दोन पक्षांपैकी एकाचा नट, तो बायकांच्याच भूमिका करी, पूर्ण वेशात एक प्रवेश करणार होता. स्त्रीपार्टात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. शालू, नथ, अंबाडा, हातभर बांगड्या. त्याचे लुगडे नेसणे बघायला आमच्याच घरांतल्या बायका येत. तो पहिले पद गायला आणि त्याच्या पक्षाने वन्स मोअर दिला. दुसऱ्या पक्षाने टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणून यांनी पुन्हा दिला. असे पाच वेळा झाले. मांडवातून कुणी हलेना. मी बायकांच्या फाटकाशी उभी होते, आणि चौथ्या वन्स मोअरला मला नट एकाचे दोन दिसू लागले.

मी बांबू धरला. डॉक्टर वही घेऊन आमच्याच बाजूला येत होते. मी पदराची गाठ सोडून कांदा काढला आणि तो नीट न्याहाळत उभी राहिले, म्हणजे मान खाली का आहे ते कळू नये. त्यांनी विचारले, "कसं काय?" मी म्हटले, "नियम सातवा." ते खूष होऊन पुढे गेले. मला त्या क्षणी, सांगायला लाज वाटत नाही, आईची आठवण आली.

मावशी मागून आली. तिने माझा दंड धरला.

"बाई, तुमी कालधरनं पान्याचा थेंब घेतल्याला न्हाई. म्या बगतीया. तुळशीला घालताया."

"मावशी, प्यायलं तर जायचं कुठं?"

"आस्सं व्हय." ती म्हणाली. "मंग आधी का न्हाई बोललासा? त्या राणीला हाय की मोरी. स्टेजच्या मागं. चला माज्यासंगं."

ती नटाला राणी म्हणत होती. स्टेजच्या मागे खरेच तट्ट्यांचा आडोसा होता. आत फरशी, दोन घंगाळी पाणी, तांब्या, आणि शालू टांगायला एक खुंटीसुद्धा. संपलेले तट्टे कुठे गेले ते मला कळले. राखणीला ठेवलेला कंपनीचा नोकर पद ऐकायला पुढे गेला होता. मी आत जाऊन आले, मग मावशीने दिलेले तीन पेले पाणी प्यायले, आणि फाटकावर परत जाऊन एकेकीला मागे धाडले. थोड्या वेळाने धाकटी परतली नाही म्हणून पुन्हा बघायला गेले, तर तिथे चौघींची रांग होती आणि रांगेच्या शेवटी तो नट उभा होता.

पूर्ण वेशात. पाचव्या वन्स मोअरनंतर आत आला होता. आमच्यातली सून पदर तोंडाला लावून भिंतीकडे, म्हणजे तट्ट्याकडे, वळली. मी पुढे झाले आणि म्हटले, चूक माझी आहे, आम्ही लगेच जातो.

"जाऊ नका," तो म्हणाला. आवाज पुरुषाचा होता, त्याने मी दचकले. "तुमची सोय कुठं केली आहे?"

"नाही केली. डॉक्टर म्हणाले, बायकांना सवय असते."

त्याने नथ जरा बाजूला केली. "बाई, वीस वर्षं मी लुगडं नेसतो. एकदा नेसलं की चार तास पाणी पीत नाही. मला सवय झाली नाही. तुम्ही जा पुढं."

तेवढ्यात कंपनीचा व्यवस्थापक धावत आला. बाहेर लोक ओरडताहेत, सहावा वन्स मोअर आहे, लगेच चला.

"थांबा म्हणावं," नट म्हणाला. "माझ्या पुढं चौघी आहेत."

तो थांबला. शालू नेसलेला पुरुष आणि लुगडी नेसलेल्या आम्ही, सगळे एका रांगेत, आणि बाहेर हजारो माणसे त्याच्या नावाने ओरडत होती. पेटीवाल्याला काही कळवलेले नव्हते, त्यामुळे तो एकच जागा घोळवत बसला. ते पेटीवादन संमेलनातले सर्वोत्तम झाले असे पुढे बरेच दिवस लोक बोलत होते, आणि त्यावर तरी दोन्ही पक्षांचे एकमत होते.

तिसऱ्या दिवशी मोरीपाशी राखण्या नोकर नव्हता. नटानेच त्याला उठवले होते. आम्ही दर तासाला पेलाभर पाणी प्यायलो. आठांतली एकही पडली नाही. पुरुषांतले तिघे पडले, पण त्यांच्याविषयी काही अट नव्हती. छापील अहवालात डॉक्टरांनी लिहिले की स्त्री-स्वयंसेवकांची प्रकृती उत्तम राहिली आणि याचे श्रेय नियमांच्या काटेकोर पालनाला आहे. तुळशीचा उल्लेख नव्हता.

पुढच्या वर्षी चिटणिसांनी मला मांडवाचा नकाशा बघायला बोलावले. डॉक्टरही होते. नकाशात स्टेजच्या मागे दोन चौकोन होते. चिटणिसांनी मला नटाचे पत्र दाखवले. त्याने लिहिले होते: माझ्या मोरीशेजारी स्त्री-स्वयंसेवकांसाठी दुसरी असावी. नसल्यास माझी त्यांना देईन, मग प्रवेश वेळेवर सुरू होण्याची हमी मला देता येणार नाही.

"आम्ही त्याच दिवशी मंजूर केलं," चिटणीस म्हणाले. "बाई, तुम्ही हे आधी सांगायचं होतंत."

मी पिशवीतून तिन्ही अर्जांच्या नकला काढल्या आणि नकाशावर एकाखाली एक मांडल्या. डॉक्टरांनी तिसरा ओळखला आणि चष्मा पुसायला घेतला. मावशी दारात पिंप धूत होती. मी तिच्याकडे पेलाभर पाणी मागितले. ते डॉक्टरांसमोर उभी राहून सावकाश प्यायले, आणि आणखी एक मागितले.