नऊ जणींचं कॉर्टिसॉल

"सर, मशीन बिघडलेलं नाही. तिसऱ्यांदा चालवलं. ह्या नऊ जणींच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच!"

अंबाजोगाईतल्या आमच्या लॅबच्या प्रमुखांपुढे मी रिपोर्ट ठेवले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. आजारपणात शरीराला सावरून धरणारं कॉर्टिसॉल ती सोडते. त्याचं नॉर्मल किती, हे तपासणीच्या किटसोबतच्या पुस्तकात होतं, पण परदेशी माणसांचं. आम्हाला इथल्या निरोगी माणसांवरून ठरवायचं होतं. म्हणून एका दूध सोसायटीच्या सभासद बायकांचं सकाळी आठला रक्त घेतलं होतं.

"निरोगी आहेत ना? मग घे नॉर्मलच्या रेंजमध्ये," सर म्हणाले.

"मग खालची हद्द इतकी उतरेल की खऱ्या पेशंटलाही आपण नॉर्मल म्हणू. जीव जाईल एखाद्याचा!"

"मग शोध."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सोसायटी गाठली. दुष्काळाचं वर्ष. त्या नऊ जणींतल्या रुक्मिणबाई टँकरवरून दोन घागरी घेऊन ताडताड येत होत्या.

"मावशी, तुम्ही औषध घेत नाही म्हणालात. खरंच नाही?"

"न्हाई ओ भाऊ. मला काय झालंय?"

"एवढं पाणी वाहून अंग दुखत नाही?"

"लई दुखतंय की! पर पुडी हाय ना. बाजारच्या दिवशी एक बाबा देतो. झाडपाला हाय, त्याला औषध कावून म्हणावं?"

मी खिशातली यादी काढली. यादीतली बाकीची आठ नावं वाचली. "ह्यासुद्धा घेतात?"

"समद्या!"

"सापडलं!" मी भर रस्त्यात ओरडलो. पुडीत स्टेरॉइड असणार, कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं. बाहेरून ते मिळत राहिलं की ग्रंथी आपलं काम सोडून झोपते. मी त्यांना समजावलं, हे जहर आहे.

"मुडदा बसिवला त्याचा!" रुक्मिणबाई पुडी उकिरड्यात फेकायला निघाल्या.

"नका टाकू!" मी आडवाच झालो.

"आत्ताच जहर म्हनालात ना?"

"जहरच आहे! पण एकदम सोडलंत तर साध्या तापातही जीव जाईल. आधी दवाखान्यात चला."

सोसायटीच्या दुधाच्या टेम्पोतूनच नऊ जणींना आणलं. तपासणीत पुडीत स्टेरॉइडच निघालं. डॉक्टरांनी मोजून गोळ्या दिल्या, महिनोन्महिने हळूहळू कमी केल्या. सगळ्यात शेवटी रुक्मिणबाईंची ग्रंथी जागी झाली. त्यांचा रिपोर्ट घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये न विचारता घुसलो. नॉर्मल! त्या नऊ जणींना वगळून ठरवलेल्या आमच्याच रेंजप्रमाणे नॉर्मल!

रक्त घेण्याआधी भरून घ्यायच्या फॉर्मवरचा 'औषध घेता का?' हा प्रश्न मी खोडला. तिथे लिहिलं, 'अंग दुखल्यावर काय घेता?' पहिला फॉर्म मी लॅबमध्ये, खुर्चीत बसून लिहिला होता.