मुंजाचं झाड आणि माझा दरबार

सोलापुरातल्या एका नाटकगृहात मी पडदे रंगवायचो. जंगल, रस्ता, कारागृह, सगळं माझ्या हातचं. पण दरबाराचा पडदा म्हणजे माझा जीव. महिरपी, झुंबरं, मधोमध मोरांचं सिंहासन. पाऊण वर्ष मी बायकोकडे धड पाहिलं नाही, त्या खांबांची नक्षीच पाहत बसलो.

रंगमंचामागच्या भिंतीत पिंपळ उगवला तेव्हा वीतभर होता. मालक म्हणाले, "असू दे की, शुभ असतंय." बघता बघता शुभाचं मनगटाएवढं खोड झालं, भिंत तडकली. वळसंगचा गवंडी आणला. त्यानं कोयता खाली ठेवून झाडालाच हात जोडले. "ह्यो मुंजाचा हाय, मालक. मी न्हाय हात लावनार." तो गेला आणि मालकांची भक्ती जागी झाली. एरवी हा गृहस्थ चप्पल चोरीला जाईल म्हणून देवाला रस्त्यावरूनच नमस्कार करणारा!

तोडगा निघाला, भिंत झाका. कशानं? माझ्या दरबारानं. पडदा मागं कायमचा ठोकला. जंगलाचा पडदा ओलीनं कधीच कुजला होता आणि नव्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळं वनवासातली राणी झुंबराखाली उभी राहून "हे निर्जन अरण्या!" असा टाहो फोडायची, आणि खरं अरण्य तिच्या पाठीशी गुमान उभं असायचं.

पुढं एका फांदीनं कापड फाडून खांबाशी पान बाहेर काढलं. मी शिवायला गेलो तर मालक ओरडले, "राहू दे! आजूबाजूला चार पानं रंगव, कोण बघतंय!" रंगवली. प्रयोगाला टाळ्या पडल्या. "वा रे पेंटर, पान हलतंय की!" अरे मेल्यांनो, तेवढं एकच माझं नव्हतं!

मग बोलपट आले. नाटकगृह भाड्यानं घ्यायला एक जण आला, त्याला पांढरा पडदा हवा होता. मालकांनी दरबाराकडं बोट दाखवलं. "कापड लई मोठं हाय. ह्यालाच सफेदा मार."

मी दरबारापुढं आडवा उभा राहिलो. म्हटलं, "मालक, गावभर माग खडखडतायत, नवं कापड आणा. नाहीतर पिंपळ काढा, भिंतच पांढरी करून देतो. पण माझा दरबार ठेवा. पाया पडतो."

"शिव शिव!" मालकांनी कान धरले. "झाड तोडायचं पाप कोन घेणार?"

सफेदा मीच मारला. दुसऱ्या कुणी तो फासलेला मला बघवला नसता. झुंबरं गेली, खांब गेले. सिंहासनाशी आलो तेव्हा मला रडू आवरेना. पडद्यामागं मालक ती आगाऊ फांदी दोरीनं मागं बांधत होते, आणि त्याबद्दल पिंपळाला हळदकुंकू वाहून क्षमा मागत होते.

"हळदकुंकू उरलं तर थोडं पुढं आणा," मी ओरडलो. "इथं पण एक पाप चाललंय."

मागनं मालकांचं हसू ऐकू आलं. "लई सोंगाड्या हायस की!"

मी सिंहासनावर सफेद्याचा दुसरा हात मारला.