बाईंचा चिखल

नाईकबाईंच्या पर्समध्ये चिखल असायचा. स्टीलच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. जेवणाचा समजून मी तो एकदा उघडलाही होता.

परळच्या आमच्या कंपनीत बाई चाचणी विभागाच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. आम्ही हायड्रोसायक्लोन बनवायचो, म्हणजे पोकळ उलटा शंकू. पाणी त्यात कडेने जोरात शिरून गरगरतं. गाळ खालच्या तोंडातून पडतो, नितळ पाणी वरून निघतं. गिऱ्हाइकाला दाखवताना पाण्यात बांधकामाची जाड रेती टाकायची, हा धंद्यातला रिवाज. जाड रेती कुठलाही शंकू काढतो. लोक टाळ्या वाजवतात. बाईंना त्या टाळ्यांची भयंकर चीड. त्या गिऱ्हाइकाच्याच टाकीतला गाळ आणून पाण्यात कालवायच्या. शंकू नापास झाला की नवा, आणखी बारीक. "रेती कोण पितं रे?" असं बाई कंपनीच्या मालकालाही विचारत.

मग भोईवाड्यात बाई राहत, त्याच चाळीची ऑर्डर आली. बोअरिंगचं पाणी लोक तोवर धुण्याभांड्यालाच वापरत. बाई म्हणाल्या, "तिथली माती बारीक आहे, या शंकूने जाणार नाही. जंतू तर कुठल्याच शंकूने जात नाहीत." मालकाने मान डोलावली आणि तोच शंकू परस्पर बसवून वर पाटी लावली, 'पिण्याचे शुद्ध पाणी'. हलकट माणूस.

उद्घाटनाला नारळ फुटला, रेती पडली, टाळ्या झाल्या. बाई पुढे घुसल्या आणि त्याच टाकीच्या तळातून काढलेल्या गाळाचा डबा त्यांनी टाकीत रिकामा केला. वरच्या नळातून चहासारखं पाणी आलं. त्या मालकावर ओरडल्या, "आधी तुझ्या पोराक पाज ह्यां पाणी!"

मला वाटलं, चाळ आता मालकाची गचांडी धरणार. पण चाळीचे सेक्रेटरी तात्या बाईंवरच खेकसले, "गो चेडवा, चांगल्या कामात घाण कित्याक करतंस?" लोकांनी तात्यांच्या बोलण्यावर माना हलवल्या. मालकापेक्षा त्या मानांचा राग मला अजून येतो. त्याच आठवड्यात बाईंना नोकरीवरून काढलं.

परवा त्यांना भेटायला चाळीत गेले. खाली तात्यांची सून त्याच नळावर प्यायची कळशी भरत होती. टाकी शांत असल्यामुळे गाळ तळाशी बसून पाणी नितळ दिसत होतं. बाई गॅलरीतून ओरडल्या, "उकळून घे गो!"

"रोजचंच आहे त्यांचं," सून मला हसून म्हणाली.

माझं डोकं सणकलं. शेजारीपाजारी दारात आले तरी मी तिच्यावर ओरडतच होते.